ताटाची किंमत आणि पंगतीतील जागा

शिजवलेले अन्न पैसे घेऊन वाढणे हे धर्मकृत्य असू शकते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण बहुतेक धर्मपरंपरांनी अन्नदान आणि अन्नविक्रय यांच्यात इतकी ठळक रेघ ओढून ठेवलेली आहे की, दानाच्या बाजूस पुण्य आणि विक्रयाच्या बाजूस केवळ व्यवहार ही वाटणी तपासून पाहण्याची गरज भासत नाही. आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करलेल्या ब्राह्मणाने काय विकू नये याची जी यादी मनुस्मृतीच्या १०व्या अध्यायात दिली आहे, तीत कृतान्न, म्हणजे शिजवून तयार केलेले अन्न, तिळांच्या जोडीने येते. ख्रिस्ती धर्मशास्त्राने अन्नविक्रयाचा असा थेट निषेध केलेला नाही. मात्र पवित्र वस्तूची विक्री तेथे महापाप मानली गेली असून, प्रेषितांपुढे पैसे ठेवून ईश्वरी सामर्थ्य विकत मागणाऱ्या शिमोन जादूगाराच्या नावावरून त्या पापाला ‘सायमनी’ हे नाव पडले. १३व्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने या बाबतीत एक बारीक भेद केला आहे. संस्काराची किंमत म्हणून पैसे घेणे हे पाप होय; परंतु संस्कार करणाऱ्याचे पोट चालावे म्हणून रूढीप्रमाणे काही स्वीकारणे हे पाप नव्हे, असे त्याचे म्हणणे आहे. देवाणघेवाण बाहेरून एकसारखीच दिसते, पण पैसे नेमके कशाचे दिले आणि कशाचे दिले नाहीत, यावर तिचे स्वरूप ठरते. हा भेद मठाबाहेरच्या जगात कितपत टिकतो हे पाहण्यासाठी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातल्या, १९४१पासून एकाच घराण्याच्या हाती असलेल्या ‘डूकी चेज’ या क्रिओल रेस्टॉरंटचा इतिहास फार उपयोगी पडतो.

‘क्रिओल’ या शब्दाचा अर्थ काळानुसार सरकत गेला आहे. १७१८मध्ये फ्रेंचांनी वसवलेले, पुढे स्पॅनिश अमलाखाली गेलेले आणि १८०३मध्ये लुइझियाना प्रांताबरोबर अमेरिकेने विकत घेतलेले हे शहर. तेथे वसाहतीतच जन्मलेल्या माणसाला आरंभी क्रिओल म्हणत, आणि पुढे फ्रेंच, स्पॅनिश व आफ्रिकी वंशांच्या मिश्रणातून आलेल्या, बहुधा कॅथलिक असलेल्या समाजाला, तसेच त्याच्या स्वयंपाकाला, हे नाव चिकटले. या समाजातील बरेच लोक गुलामगिरीच्या काळातही स्वतंत्र होते, मालमत्ता बाळगून होते, आणि त्यांतील पुष्कळांची वस्ती ट्रेमे या भागात होती. त्याच ट्रेमेमधील ऑर्लिन्स अव्हेन्यूवर एमिली आणि डूकी चेज या दांपत्याने १९३९मध्ये सँडविच आणि लॉटरीची तिकिटे विकणारे एक छोटे दुकान काढले, आणि १९४१मध्ये त्याचे रेस्टॉरंट झाले. लॉटरीची ही गोष्ट पुष्कळदा लाजून वगळली जाते. ती वगळू नये, कारण या जागेचा उगम कोणत्याही व्रतात नसून चार पैसे मिळवण्याच्या खटपटीत आहे, हे विसरले की पुढचा सगळा विचार भाबडा होतो.

येथे मराठी वाचकाच्या मनात रोटीव्यवहाराची कल्पना आपोआप जागी होईल, आणि ती उपयुक्तही आहे, पण तिच्यातला फरक साम्याहून अधिक शिकवणारा आहे. जातिव्यवस्थेतील रोटीबंदीचा भर मुख्यतः कोणाच्या हातचे खावे यावर होता. अन्न शिजवणाऱ्याची शुद्धता हा तिचा कणा, म्हणून वरिष्ठ जातीच्या हातचे कोणालाही चाले आणि कनिष्ठ मानलेल्या हाताचा पाण्याला झालेला स्पर्शही वर्ज्य ठरे. अमेरिकेच्या दक्षिणेत याच्या नेमके उलट होते. तेथील गोऱ्या घरांत, क्लबांत आणि नामांकित रेस्टॉरंटांत पिढ्यान् पिढ्या काळ्या स्वयंपाक्यांच्या हातचे अन्न आवडीने खाल्ले गेले, त्यांच्या हाताची चव वाखाणली गेली, त्यांच्या मांडीवर गोरी मुले वाढली. निषिद्ध होते ते त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणे. याचा अर्थ असा की तेथला विटाळ अन्नाला होत नव्हता, समतेला होत होता. जेवण पवित्र होते ते पदार्थामुळे, हातामुळे की बसण्याच्या जागेमुळे, या प्रश्नाला त्या समाजाने नकळत दिलेले उत्तर ‘जागेमुळे’ असेच होते, कारण माणूस ज्या गोष्टीला भितो तिच्यातच त्याला सामर्थ्य दिसत असते.

ट्रेमेच्या इतिहासात जागेचा हा तंटा रेस्टॉरंटच्या फार आधीपासून चालत आलेला आहे. १८४१-४२मध्ये तेथे सेंट ऑगस्टीन चर्च उभे राहिले, तेव्हा बसण्याचे बाक कुटुंबांनी पैसे भरून घ्यायची पद्धत होती. गोऱ्यांनी बाक घ्यायला सुरुवात करताच स्वतंत्र क्रिओलांनी चढाओढीने त्यांच्याहून कितीतरी अधिक बाक घेतले, आणि इतकेच करून न थांबता बाजूच्या रांगांमधील बाक विकत घेऊन ते गुलामांना बसण्यासाठी देऊन टाकले. या प्रकाराला ‘बाकांचे युद्ध’ म्हणतात. पवित्र स्थानातील जागा पैशाने विकली जात असताना त्याच पैशाने ती मोफत करून टाकण्याची ही युक्ती अक्वायनसला कितपत पटली असती, हे सांगणे अवघड आहे. पण सायमनीचे शस्त्र सायमनीवरच उलटवण्याचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण. त्याच वर्षी, १८४२मध्ये, त्याच समाजातील हेन्रिएट डेलील या स्त्रीने ‘सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली’ हा काळ्या जोगिणींचा संघ स्थापन केला. पुढे ७ जून १८९२ रोजी ट्रेमेमध्ये राहणारा होमर प्लेसी हा चांभारकाम करणारा क्रिओल तरुण आगगाडीच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात जाणूनबुजून बसला, त्याला अटक झाली, आणि १८९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल देऊन ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले. चर्चमधला बाक आणि आगगाडीतला बाक, दोन्हीकडे वाद एकच होता: कोणी कोणाच्या शेजारी बसायचे.

डेलीलच्या संघाने चालवलेल्या सेंट मेरीज अकादमीत शिकलेली एक मुलगी या घराण्याची सून झाली, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. लिया लांज यांचा जन्म ६ जानेवारी १९२३चा, आणि पाँचरट्रेन सरोवरापलीकडच्या मॅडिसनव्हिल गावात त्या वाढल्या. तेथे काळ्या मुलींसाठी कॅथलिक माध्यमिक शाळा नसल्याने त्यांना शिक्षणासाठी शहरात नातेवाइकांच्या घरी पाठवण्यात आले. शिक्षण संपल्यावर त्यांनी शहराच्या जुन्या फ्रेंच भागात गोऱ्या गिऱ्हाइकांना वाढण्याचे काम केले आणि तेथे काळ्या माणसाला बसायला न मिळणारे रेस्टॉरंट आतून कसे चालते ते पाहिले. १९४६मध्ये एमिली आणि डूकी यांचा मुलगा, ट्रम्पेटवादक एडगर चेज धाकटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरच्या दुकानात त्यांनी मेजांवर कापड, नीट मांडलेले काटे-चमचे आणि बसून जेवण्याची रीत आणायचा घाट घातला. सुरुवातीला त्यांनी गोऱ्यांच्या रेस्टॉरंटांत पाहिलेला लॉब्स्टर थर्मिडोर, म्हणजे मलईच्या सॉसमध्ये शिजवलेला शेवंड, गिऱ्हाइकांपुढे ठेवला, तो कोणालाच रुचला नाही, आणि त्या मुकाट्याने घरच्या क्रिओल पदार्थांकडे वळल्या. ही फजिती त्या पुढे स्वतःच हसत सांगत. तिच्यातून एक गोष्ट मात्र ध्यानात येते की, त्यांना गोऱ्यांचे अन्न हवे होते असे नव्हे. गोऱ्यांना ज्या रीतीने वाढले जाते ती रीत आपल्या माणसांसाठी हवी होती. पदार्थ बदलला, मेजावरचे कापड राहिले.

१९५० आणि १९६०च्या दशकांत या रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावरील खोलीत काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र बसून जेवत आणि बेत आखत, वकील ए. पी. ट्युरो आणि थरगुड मार्शल, मार्टिन ल्यूथर किंग धाकटे, आणि वंशभेद मोडण्यासाठी बसगाड्यांतून दक्षिणेत प्रवास करणारे ‘फ्रीडम रायडर्स’ यांचे पाय त्या जागेला लागले. एकत्र जेवणे तेव्हा बेकायदा होते असे सर्रास सांगितले जाते, पण वस्तुस्थिती अधिक विचित्र आहे. सप्टेंबर १९६०मध्ये रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल आणि त्यांचे दोन सोबती, त्यांतील एक गोरा, कॅनॉल स्ट्रीटवरील एका दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसून राहिले आणि त्यांना अटक झाली. त्या खटल्याचा १९६३मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की रेस्टॉरंटांत वंशभेद पाळावा असा शहराचा कोणताही लेखी नियम नव्हताच, फक्त महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्या जाहीर निवेदनांनी नियमाचे काम केले होते. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, ही जुनी उक्ती इतक्या शब्दशः खरी ठरल्याचे उदाहरण विरळा. चेज कुटुंबाच्या जागेवर पोलिसांनी छापा घालण्याचे टाळले, कारण वस्तीतील लोकांचा तिच्यावर जीव होता आणि तिला हात लावला असता तर रस्ता पेटला असता. १९६५मध्ये मात्र कोणीतरी तेथे पाइपबाँब फेकला. लोम्बार्ड यांची पुढची वाटचालही सांगण्यासारखी आहे: काउंटरवर बसल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या या माणसाने १९७८मध्ये नॅथॅनिएल बर्टन या स्वयंपाक्याबरोबर न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या क्रिओल स्वयंपाक्यांवरचे ‘क्रिओल फीस्ट’ हे पुस्तक सिद्ध केले. बसणाऱ्याचा हक्क मिळवून झाल्यावर रांधणाऱ्याचे नाव मिळवण्याकडे तो वळला.

वरच्या मजल्यावरील ही खोली पाहून ख्रिस्ती वाचकाला येशूच्या शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली आठवल्यावाचून राहणार नाही. असे सोयीचे साम्य दिसले की अभ्यासकाने खरे तर सावध व्हायला हवे. तरीही त्या शहरातील चर्चने स्वतःच हा प्रश्न भोजनाच्या भाषेत मांडलेला असल्याने तो टाळता येत नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मुळात एक भोजन आहे. त्यात भाकर वाटली जाते, आणि ती एकत्र घेणारे सर्व एक शरीर होतात, अशी श्रद्धा आहे. पण दक्षिणेतील अनेक चर्चांमध्ये काळ्या कॅथलिकांना मागच्या बाकांवर बसावे लागे आणि ती भाकर घेण्यासाठी सर्व गोऱ्यांची रांग संपेपर्यंत थांबावे लागे. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५३मध्ये एका धर्मपत्राद्वारे वेगळे बाक आणि वेगळ्या रांगा बंद करण्याची आज्ञा दिली, १९५६मध्ये वंशभेद हा नैतिकदृष्ट्या चूक आणि पाप आहे असे जाहीर केले, आणि १९६२मध्ये कॅथलिक शाळा सर्व वंशांच्या मुलांना खुल्या करण्याचे ठरवले. या निर्णयाला उघड विरोध करणाऱ्या तिघांना, त्यांत प्लाकमिन्स भागातील बडे राजकारणी लिअँडर पेरेझ होते, १६ एप्रिल १९६२ रोजी त्यांनी बहिष्कृत केले. बहिष्कृत करणे याचा कॅथलिक धर्मातील नेमका अर्थ संस्कारांपासून, म्हणजे मुख्यतः त्या पवित्र भाकरीपासून, दूर ठेवणे असा आहे. मराठीत ज्याला पंगतीतून उठवणे म्हणतात, तेच. तो सोमवार ईस्टरपूर्वीच्या आठवड्यातला होता आणि शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा पवित्र गुरुवार तीन दिवसांवर आलेला होता. काळ्यांच्या शेजारी मुलांना बसू देण्यास नकार देणाऱ्यांचे स्वतःचेच ताट अशा रीतीने मांडायचे राहिले.

याच पवित्र गुरुवारी डूकी चेजमध्ये एक पदार्थ होतो, आणि हा सगळा विचार त्यात अगदी मूर्त होऊन येतो. त्याचे नाव गम्बो झेर्ब, म्हणजे पाल्यांचे गम्बो. गम्बो हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते आफ्रिकेतील बांटू भाषांत भेंडीला असलेल्या नावापासून आला. गंमत अशी की या विशिष्ट गम्बोत भेंडी नसतेच. लिया चेज यांच्या पद्धतीत नऊ प्रकारचा पाला लागे: कॉलर्ड, मोहरी, सलगम, बीट आणि गाजर यांचा पाला, शिवाय पालक, कोबी, लेट्यूस आणि वॉटरक्रेस. पाल्यांची संख्या विषमच हवी, कारण जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात असा समज आहे. आधी पाला पुनःपुन्हा धुऊन त्यातली रेती काढायची, कांदा आणि लसणीबरोबर मोठ्या पातेल्यात उकडायचा, पाणी न टाकता बाजूला ठेवायचे आणि पाला वाटून घ्यायचा. मग हॅम, धुरी दिलेले सॉसेज आणि गोमांसाचे तुकडे शिजवायचे, आणि ‘शोरीस’ नावाचे तिखट डुकराचे सॉसेज तळून त्याच्या सुटलेल्या चरबीत पीठ भाजायचे. (हा शोरीस आणि गोव्यातला चोरीस एकाच इबेरियन कुळातले, एकाचा मार्ग स्पेनवरून, दुसऱ्याचा पोर्तुगालवरून.) शेवटी सगळे एकत्र रटरटत ठेवून, थाइम आणि लाल तिखट घालून, उतरवताना ‘फिले’ ही सॅसाफ्रास झाडाच्या सुकवलेल्या पानांची पूड मिसळतात, जिचा वापर तेथील मूळच्या चॉक्टॉ लोकांकडून आलेला आहे. रंग गर्द हिरवा, जवळजवळ काळा. ते भातावर वाढतात.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा पदार्थ मोठा अवघड आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात पाला खावा, मांस टाळावे, हे सरळ आहे, आणि या गम्बोचे निव्वळ पाल्याचे, उपवासाचे रूप प्रचलित होतेच. पण गुरुवारच्या या पातेल्यात उपवासाचा पाला आणि मेजवानीचे मांस एकत्र नांदतात, कारण दुसऱ्या दिवशी, येशूच्या मरणाच्या शुक्रवारी, मांस वर्ज्य असते आणि त्या कडक दिवसासाठी अंगात बळ हवे. कर्मठ माणूस याला पळवाट म्हणेल. मात्र ज्या भोजनाचे स्मरण त्या दिवशी करायचे तेही दुसऱ्या दिवसाच्या मरणाची जाणीव ठेवून केलेले भरपेट भोजनच होते, हे लक्षात घेतले तर हे पातेले नियमाला नसले तरी नियमाच्या हेतूला अधिक जवळचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे यायला हरकत नाही. हे अन्न विकले जाते, यात संशय नाही. त्यावर एका घराण्याच्या चार पिढ्या जगल्या. पण १९५०च्या न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या माणसाच्या खिशात पैसे असूनही शहरातील नामांकित रेस्टॉरंटांत त्याला जागा विकत मिळत नव्हती, आणि ऑर्लिन्स अव्हेन्यूवर त्याने जे पैसे दिले ते गम्बोचे, तळलेल्या कोंबडीचे आणि वाढणाऱ्याच्या श्रमाचे होते. पांढरे कापड घातलेल्या मेजाशी सन्मानाने बसण्याचा, आणि माडीवर गोऱ्या माणसाशी खांद्याला खांदा लावून जेवण्याचा आकार बिलात कोठेच नव्हता. शुक्रवारी पगाराचे चेक वटवायला बँकेचे दार नसलेल्या मजुरांना ते याच गल्ल्यावर वटवून मिळत; त्यातला काही पैसा अर्थातच तेथेच खाण्यापिण्यावर खर्च होई, आणि त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नाही. अक्वायनसचा भेद येथे बरोबर लागू पडतो. पैसे पोटापाण्यासाठी घेतले गेले. जी वस्तू पवित्र होती ती, म्हणजे जागा, बाजारात मांडलीच गेली नाही. अन्नविक्रयाला सरसकट हलके लेखणाऱ्या परंपरांनी ज्याचा विचार केलेला दिसत नाही ती बाब ही की, अन्नदानात घेणारा नेहमी खाली आणि देणारा वर असतो, तर पैसे मोजून जेवणारा माणूस निदान त्या मेजापुरता कोणाचा मिंधा नसतो. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या उपकारावर ठेवले गेले त्याच्या दृष्टीने, दानाच्या पंगतीपेक्षा बिल चुकते करून उठण्याची पंगत अधिक मोठी असू शकते.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने सर्व रेस्टॉरंटांची दारे सर्वांना उघडली आणि काळ्यांच्या मालकीच्या अनेक जागांची गिऱ्हाइके साहजिकच पांगली. ही जागा तगली. यजमान म्हणून लिया चेज यांचा अधिकार किती पक्का होता हे २००८मध्ये दिसले. अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा यांनी वाढलेल्या गम्बोची चव पाहण्याआधीच त्यात तिखट सॉस ओतला, आणि ८५ वर्षांच्या यजमानीणबाईंनी त्यांना तेथल्या तेथे फटकारले. अटींविना आतिथ्य हाच खरा आतिथ्याचा आदर्श, पण तसे आतिथ्य प्रत्यक्षात अशक्य, असे कोडे फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा याने मांडून ठेवले आहे. पाहुण्यावरही काही बंधने असतात आणि ती सर्वांना सारखी असतात, इतपत उत्तर तरी त्या गम्बोच्या वाडग्याने देऊन टाकले.

२९ ऑगस्ट २००५च्या कॅटरीना वादळाने बांध फुटले तेव्हा रेस्टॉरंटमध्ये सुमारे पाच फूट पाणी शिरले. भिंतींवरचा काळ्या चित्रकारांच्या चित्रांचा संग्रह वाचला, स्वयंपाकघर मात्र गेले, आणि वृद्ध पतिपत्नी कित्येक महिने समोरच्याच सरकारी ट्रेलरमध्ये राहिली. २००६च्या पवित्र गुरुवारी शहरातील व्यावसायिकांनी रेस्टॉरंटच्या मदतीसाठी गम्बो झेर्बची पंगत जॅक्सन चौकातील दुसऱ्या एका रेस्टॉरंटमध्ये मांडली, आणि तिच्यातून सुमारे ४०,००० डॉलर उभे राहिले. पुढच्याच वर्षी डूकी चेजचे दार उघडले. १ जून २०१९ रोजी वयाच्या ९६व्या वर्षी लिया चेज गेल्या, सेंट पीटर क्लेव्हर या त्यांच्याच चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली, आणि नातवाच्या हाती आलेल्या स्वयंपाकघरात पवित्र गुरुवारचे पातेले चढतच राहिले. पण २००६ची ती पंगत वर केलेल्या युक्तिवादाला जरा अडचणीची आहे, कारण त्या दिवशी विक्रीला होती ती जागाच: ७५ डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत. बाकांच्या युद्धातल्या पैशाप्रमाणे हा पैसाही दार पुन्हा सर्वांना उघडण्यासाठीच होता असे म्हणता येईल, आणि ते बहुधा खरेही आहे. ज्याने ७५ दिले आणि ज्याने ५०० दिले, त्या दोघांच्याही ताटात गम्बो झेर्ब, तळलेली कोंबडी आणि ब्रेड पुडिंग इतकेच वाढले गेले.